साक्षीतून गाळलेली शेजारीण

यंदाच्या उपवासकाळात आमच्या चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या प्रत्येकाला एकेक वही दिली. चाळीस दिवस रोज संध्याकाळी तिच्यात एक ओळ लिहायची. आज काय मिळालं आणि ते कोणाच्या हातून मिळालं. "देवाकडून मिळालं हे आपल्याला ठाऊकच आहे," ते म्हणाले. "ते लिहू नका. हात कोणाचा होता तेवढं लिहा."

पाळक तरुण आहेत, सिंदीला येऊन वर्षही झालं नाही. मला हे काही पटलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज दिवेलागणीला देवाचे आभार मानते. सासूनं लावलेली सवय आहे. अन्न दिलंस, पाणी दिलंस, अंगात जोर ठेवलास, डोक्यावर छप्पर ठेवलंस. म्हणायला दोन मिनिटं लागतात. मध्ये दूध उतू गेलं तर मी उठून गॅस बंद करते, पण तोंड थांबत नाही. हे मी पाळकांना सांगितलंही. मला आता वहीबिहीची गरज नाही म्हणून.

ते म्हणाले, "आजी, तोंड थांबत नाही म्हणूनच लिहायला सांगतोय."

राग आला. पण वही घेतली. कोणी दिलेली वस्तू मी परत करत नाही.

चौथी शिकले आहे. लिहिता येतं, वेळ लागतो. पहिल्या दिवशी लिहिलं, नळाला पाणी आलं. मग हात कोणाचा, तर नळ सोडणाऱ्याचा. तो कोण हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं पाणी भरते आहे आणि उशीर झाला की शिव्या देते आहे, पण माणूस पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी वांगी लिहिली. हात भाजीवालीचा. तिला मी दर खेपेला काटा नीट धर म्हणून ओरडते. मग गुडघ्याला लावायचं तेल आलं, समोरच्या घरच्या नर्स मुलीनं आणून दिलेलं. ते घेताना मी तिला म्हणाले होते, एवढीशी बाटली? असे सात-आठ दिवस गेले. जे हात लिहिले त्यांतल्या एकाशीही मी कधी बरं बोलले नव्हते. पण त्याचं मला फार काही वाटलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, लोकांना माहीत आहे.

नवव्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. तो नागपूरला सरकारी कचेरीत असतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, नेहमीचंच. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, मुलाचा फोन आला. पुढे लिहायचं, हात कोणाचा.

आणि पेन तिथेच थांबलं. कारण माझा मुलगा आज फोन करायला जिवंत आहे तो कोणाच्या हातामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते मी चाळीसहून जास्त वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा आम्ही सिंदीतच कापसाच्या जिनिंगच्या मागच्या चाळीत राहत होतो. नवरा जिनिंगमध्ये फिटर, मी एका लहान दवाखान्यात आया. आमच्या खोलीला लागून एका शेतकरी घरातली बाई राहायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची. त्यांचं वावर गावाबाहेर होतं. दिवसभर ती आणि तिचा नवरा तिकडे, संध्याकाळी परत. मधली भिंत इतकी पातळ होती की तिच्याकडे लसणाची फोडणी पडली की खोकला मला यायचा. विरजण, चाळणी, मोठी कढई, सगळं इकडून तिकडे चालायचं. आम्ही ख्रिस्ती म्हणून चाळीतल्या एक-दोघी आमच्याकडचं पाणी पीत नसत. ही पीत असे. एकीनं तिला हटकलं तर म्हणाली, "विहीर तं एकच हाये. मंग हिच्या माठात गेल्यावर पानी का बाटते का?"

मुलगा तीन वर्षांचा होता. दुपारी भांडी घासायला बसले होते आणि तो पदर ओढत होता. त्यानं गप्प राहावं म्हणून मी त्याला मूठभर फुटाणे दिले. लहान पोरांना फुटाणे देऊ नका, हे दवाखान्यात येणाऱ्या बायकांना मीच सांगायची. तो फुटाणे तोंडात भरून खोलीभर पळत होता आणि हसत होता. मग हसणं थांबलं. मला आधी बरंच वाटलं की गप्प बसला एकदाचा. वळून पाहिलं तर तोंड उघडं, आवाज नाही, ओठ काळेनिळे.

उचललं, हलवलं, तोंडात बोट घातलं. बहुतेक दाणा मीच आणखी आत ढकलला. दवाखान्यात दुसऱ्यांची लेकरं धरायची मी, स्वतःचं धरता आलं नाही. मग मी काय केलं, तर त्याला जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकले आणि हात जोडून मोठमोठ्यानं प्रभूचा धावा करायला लागले. पोर शेजारी तडफडत होतं.

त्या दिवशी वहिनीच्या घरी पाहुणे येणार होते म्हणून ती वावरात गेली नव्हती. माझा आवाज ऐकून धावत आली. हाताला कणीक होती. तिनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"देवाले मंग बोलावजो! आधी पोट्ट्याचे पाय धर!"

मी पाय धरले. तिनं त्याला मांडीवर पालथं, डोकं खाली करून घेतलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये उघड्या हातानं मारायला सुरुवात केली. वखर धरणारा हात. मला वाटलं पोर तुटेल. किती वेळा मारलं मला सांगता येणार नाही. एकदम एक फुटाणा खाली पडला, अख्खा, सालासकट, लाळेनं भिजलेला. पोरानं श्वास आत ओढला आणि किंचाळलं.

तिनं त्याला माझ्या मांडीवर टाकलं आणि माझ्या डोक्यात एक टपली मारली. "फुटाणे देते का वं एवढुशा लेकराले? म्हने दवाखानेवाली! तिकडं माया तवा जयला असंन." आणि गेली.

पोराच्या पाठीवर कणकेची पाच बोटं उमटली होती. कणीक पुसली, खालचे वळ दोन दिवस राहिले.

त्याच आठवड्यात आमच्याकडे घरप्रार्थना होती. तिथे साक्ष द्यायला मी उभी राहिले. देवानं आपलं जे भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. फुटाणे, टपली, तवा, सगळं. 'देवाले मंग बोलावजो' म्हटल्यावर बायका हसल्या. पण एक-दोन म्हाताऱ्या हसल्या नाहीत. पुढच्या वेळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष दिली तेव्हा ते वाक्य मी सोडलं. देवाच्या घरात ते कसं म्हणायचं? ते वाक्य गेल्यावर वहिनीचं उरलं एवढंच की शेजारीण धावत आली. नंतर तेही गेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं तिला गाळ म्हणून. पाळकांनी नाही, वडील मंडळींनी नाही. पण मी गुडघे टेकले म्हटलं की लोक आमेन म्हणायचे. शेजारीण आली म्हटलं की कोणी काही म्हणायचं नाही. मी जिथे आमेन मिळायचं तेवढं ठेवत गेले.

शेवटी साक्ष अशी झाली. मी गुडघे टेकले, प्रभूचा धावा केला, आणि लेकराच्या घशातला दाणा बाहेर पडला. यातला एकही शब्द खोटा नाही. खोटा असता तर कोणी पकडला तरी असता.

दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला आम्ही घरी उपकारस्तुती ठेवायचो. मंडळीतली माणसं यायची, गाणी व्हायची, मी साक्ष द्यायची, पाळक प्रार्थना करायचे, मग चहा आणि आलूबोंडे. आलूबोंडे तळायला कढई वहिनीची. ती कढई दर वर्षी यायची, पण तिला मी कधी बोलावलं नाही. आमची प्रार्थना, तिचं काय काम, असं मी स्वतःला सांगायची. बोंडे तेवढे ताटलीत घालून पाठवायची.

मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा तोच हट्टाला पेटला. "काकूले बोलाव." बोलावलं. ती धुतलेलं पातळ नेसून आली. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन दाराशी बसली, डोक्यावर पदर. मी तिला म्हटलं, आत या, ती म्हणाली, इथं हवा हाये.

साक्ष द्यायला उठले तेव्हा ती समोर दिसली. मला तिथे जागा होती. एक वाक्य लागलं असतं. मनात आलंही. पण तोंडाला जुन्याच साक्षीची वाट पडलेली होती. मी गुडघे टेकले, प्रभूचा धावा केला. लोकांनी आमेन म्हटलं. मला रडू आलं, दर वर्षी त्याच ठिकाणी यायचं तसं. तेव्हाच्या पाळकांनी डोळे पुसले आणि विचारलं, आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे का? दाराशी ती थोडी हलली. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. कोणी उठलं नाही, मग प्रार्थना झाली. तिनं दोन बोंडे खाल्ले, चहा घेतला आणि गेली. डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी नळावर भेटली. हसत हसत म्हणाली, "तुया देवाचे हात लय खरबडीत हायेत वं. पोट्ट्याच्या पाठीवर दोन दिस वळ होते."

मी म्हणाले, "पानी भरलं का, वहिनी?"

हेच म्हणाले.

नंतर मी पाणी भरायची वेळ बदलली. नवी कढई आणली. आपल्या विश्वासाचा तिला हेवा वाटतो असं मी मनाशी ठरवलं, म्हणजे मला बरं वाटायचं. चार वर्षांनी आम्ही रुळांच्या पलीकडे घर बांधून गेलो. तिचा नवरा वारला तेव्हा गेले होते. बायकांमध्ये पाच मिनिटं बसले आणि उठले. पुढे ती अल्लीपूरला मुलीकडे राहायला गेली असं ऐकलं.

तर नवव्या दिवसाची ती ओळ अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी मुलाला आपण होऊन फोन लावला. तो घाबरला. मी कधी लावत नाही.

"काय झालं? पडली का कुठे?"

"पडले नाही. तुला तो फुटाणा आठवतो का?"

"तीन वर्षांचा होतो, आई. आठवणार कसं?" थोडं थांबून म्हणाला, "पण काकूनं मारून काढला ते माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तिच्या मुलीनं. शाळेत. माझ्या आईनं याला मारून मारून जिवंत केला, असं सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. सहावीत असेन."

"मग मला का नाही विचारलंस?"

"काय विचारणार? तू रडत सांगायचीस. सगळे डोळे पुसायचे. मी चहा बघायला उठून जायचो."

ते मला आठवत होतं. साक्षीच्या वेळी तो नेमका उठून चुलीकडे जायचा. पोर मोठं झालं, लाजतं, असं मी बायकांना कौतुकानं सांगायची.

तो म्हणाला, "राग नाही माझा. पण अजूनही देवळात कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं ना, की मी मनात विचारतो, यानं कोणाला गाळलं असेल?"

तो आता देवळात नाताळलाच जातो. का जात नाही असं मी त्याला बरेचदा बोलले आहे. त्या दिवशी बोलले नाही.

पंच्याहत्तरी झाल्यापासून मला एसटी फुकट आहे, पण मी जाते कुठे? त्या आठवड्यात गेले. वर्ध्याला गाडी बदलली आणि अल्लीपूरला उतरले. घर विचारत गेले. मुलगी-जावई वावरात होते. ती अंगणात गोणपाटावर बसून सुपात हरभरा पाखडत होती. फार वाळली होती. हात मात्र तेच.

"कोन वं?"

"मी. सिंदीची. जिनिंगच्या मागची."

तिनं खूप वेळ पाहिलं. "आता आली का? मले वाटलं मी मेल्यावर येशीन, पाच मिनिटं बसाले."

मी चपला काढल्या. ती म्हणाली, "बस. पानी माठात हाये, हातानं घे. मले उठवत नाई."

पाणी प्याले. बसले. चांगलं काही सुचेना, म्हणून सरळ म्हणाले, "वहिनी, मी त्या फुटाण्याचं सांगाले आली."

"सांग ना. लय वर्षं सांगूनच राह्यली."

मग सांगितलं. कोणतं वाक्य आधी सोडलं, कोणतं नंतर, सगळं. रडले नाही. साक्षीत इतकी रडले होते की तिच्यासमोर रडायची मला लाज वाटली. ती पाखडत राहिली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"मंग?"

"मंग काई नाई. पोरगं तुमच्या हातानं वाचलं. मी तुमाले कधी तसं म्हनलं नाई."

"शेजाऱ्यानं शेजाऱ्याले काय म्हनाचं असते? पोट्टं का तुयं एकटीचं होतं? चाळीचं होतं."

"तरी तुमाले वाईट वाटलं."

सूप थांबलं. "वाटलं. पन तुले वाटते त्याच्यानं नाई. त्या दिवशी तुया पाळकानं इचारलं ना, अजून कोनी साक्ष देते का म्हनून? मी उठणार होती."

"तुमी? काय सांगणार होत्या?"

"हेच का मी बी धावा केलता." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "तू खाली बसून मोठ्यानं केला, मी मारता मारता मनात केला. हात चालून राह्यला होता अन् मनात म्हनत होती, वाचव, वाचव. कोनाले म्हनलं मले अजून मालूम नाई. तुयाले का मायाले. पोट्टं वाचलं. तं मले वाटलं, जिथं याचे आभार मानतात तिथं जाऊन आपन बी एक डाव मानावं. डब्यात गोड सांजा आनलता, साऱ्यायले वाटाले. मंग तुयं ऐकलं. त्याच्यात मी नोहतीच. जे मानूस तिथं नोहतंच, ते उठून काय सांगन?"

बसमध्ये मी ठरवून आले होते काय कबूल करायचं ते. प्रार्थना माझी, हात हिचे, आणि मी हात गाळले. चूक एवढीच, असं मी धरून चालले होते. प्रार्थना तरी माझी होती ना, याचा मला आतून थोडा आधार होता. तीही माझी एकटीची नव्हती. तिनं हातही चालवले होते आणि धावाही केला होता, पोराला जमिनीवर न ठेवता. आणि ती माझ्या घरी मान घ्यायला आली नव्हती, देवाचे आभार मानायलाच आली होती. मी तिला दाराशीच ठेवलं.

मी म्हणाले, "या रविवारी चाला सिंदीले. मी सारं सांगतो मंडळीत. तुमीही सांगा."

"आता?" ती हसली. दात नाहीत. "माये गुडघे पाह्य. अन् आता काय सांगू? तो सांजा कवाचाच आंबला वं बाई."

मी तिच्यापुढचे खडे वेचू लागले. तिनं वेचू दिले. मग मुलाचं विचारलं, किती पोरं, काय शिकतात. मी सांगितलं. उन्हं भिंतीवर गेली तेव्हा माझी गाडी होती. उठले तर म्हणाली, "पिशवी कर इकडं." आणि तीन-चार पसे हरभरा ओतला. "घुगऱ्या करून खाजो. फुटाणे नोको करू. अन् बारीक चावजो. आता पाठीत माराचा जोर नाई राह्यला हातात."

मी हसले. तीही हसली. पण आमच्याकडे कोणी निघालं की पुन्हा ये म्हणून 'येजो' म्हणतात. दुष्मनालाही म्हणतात. मी चपला घालताना जरा वेळ लावला. ती म्हणाली नाही.

रविवारी देवळात उभी राहिले. माझी साक्ष लोकांना पाठ आहे. काही जणी आधीच पदर डोळ्यांशी घेऊन बसल्या. मी सांगितलं, पोराला फुटाणे मी दिले. तो गुदमरला तेव्हा मी त्याला जमिनीवर ठेवलं. शेजारणीनं पाठीत मारून दाणा काढला. मारताना तिनंही देवाचा धावा केला, आणि ते मला मागच्या आठवड्यात कळलं, कारण मी तिला कधी विचारलं नाही. तिनं माझ्या घरी येऊन देवाचे आभार मानायचं ठरवलं होतं, माझ्या साक्षीनं ते राहून गेलं. एवढं बोलून बसले. कुठेच आमेन आलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पाळकांनी काही जोडलं नाही, पुढचं गीत सांगितलं. ते मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर माझ्याच वयाची एक बाई म्हणाली, "गुडघे टेकल्याचं काऊन नाई सांगितलं वं? ते लय चांगलं होतं."

"टेकले होते," मी म्हणाले. "टेकायचे नव्हते तेव्हा."

हरभऱ्याच्या घुगऱ्या चार दिवस केल्या. दात कमी आहेत, मऊ शिजवून घेते. संध्याकाळचे आभार आता दोन मिनिटांत होत नाहीत. एकेक हात आठवावा लागतो आणि त्या हाताशी आपण कसं वागलो तेही त्याच्यामागून येतं, न बोलावता. पाळकांना हेच हवं होतं का मला माहीत नाही. मी विचारलं नाही. देवाचे आभार मानणं मला सोपं होतं, कारण देव नळावर भेटत नाही. वहिनी रोज भेटायची. चार वर्षं एका भिंतीआड राहून मी तिला चुकवत होते आणि त्याच घरात रोज दिवेलागणीला आभार म्हणत होते. ती चार वर्षं मला आता कुठे परत मागता येणार नाहीत. चाळही पाडली आता.

मुलाला सगळं कळवलं होतं. तो पुढच्या सुटीला नागपूरहून परस्पर अल्लीपूरला गेला. मला सांगून गेला नाही. दुपारी त्याचा फोन आला, मागे कोंबड्यांचा आवाज.

"काकूला बोलायचंय," म्हणाला.

तिनं फोन बहुतेक उलटा धरला असेल, आवाज लांबून येत होता. "पोट्ट्याची पाठ लय रुंद झाली वं आता. माया हात पुरत नाई."

मी म्हणाले, "वहिनी, मी येऊ का एकदा?"

तिकडून काही आलं नाही. मग मुलाचा आवाज आला, रेंज गेली होती म्हणाला. गेली असेल.

संध्याकाळी वहीत लिहिलं, वहिनीचा आवाज ऐकू आला. मुलाच्या हातून. मग पानं मागे उलटली आणि नवव्या दिवसाची अर्धी ओळ पूर्ण केली.